बंदुकीच्या दारूची गिरणी : एका औद्योगिक वारशाचे अर्थशास्त्र

औद्योगिक इतिहासाच्या अभ्यासात कायदे व आकडेवारी यांइतकेच महत्त्व जतन केलेल्या वास्तू आणि अवजारांना असते. अमेरिकेच्या डेलावेअर राज्यात, विल्मिंग्टन शहरानजीक ब्रँडीवाइन नदीच्या काठी हॅग्ली येथे बंदुकीच्या दारूच्या जुन्या गिरण्या संग्रहालयाच्या रूपाने जपल्या आहेत. येथे वापरला जाणारा सोरा मुख्यत्वे बिहारमधून येत असल्याने भारतीय विद्यार्थ्यांच्या दृष्टीने या स्थळाचे विशेष महत्त्व आहे.

स्थापना

फ्रान्समध्ये लाव्हाझिए या रसायनशास्त्रज्ञाच्या हाताखाली दारूनिर्मितीचे शिक्षण घेतलेल्या एल्यूथेर इरेने द्यू पाँ यांनी १८०२ मध्ये येथे कारखाना उभारला आणि १८०४ मध्ये विक्रीस प्रारंभ झाला. नदीचा उतार यंत्रांना शक्ती पुरवीत असे, तर काठावरील विलो वृक्षांपासून कोळसा मिळे. सैन्याबरोबरच खाणी, कालवे व लोहमार्ग यांच्या कामांतूनही दारूला मोठी मागणी निर्माण झाली.

वास्तू आणि अवजारे

दारू कुटण्याच्या इमारतींच्या तीन भिंती जाड दगडी असून नदीकडील बाजू व छप्पर हलके ठेवलेले आहे. स्फोट झाल्यास त्याचा जोर नदीच्या दिशेने निघून जावा व शेजारच्या इमारती वाचाव्यात, हा त्यामागील हेतू होता. आत कित्येक टन वजनाची लोखंडी चाके मिश्रण रगडीत. ठिणगी टाळण्यासाठी लाकडी अवजारे व लोखंडी खिळे नसलेले जोडे वापरले जात. तरीही धोका टळला नाही. १८१८ च्या स्फोटात ३० हून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. कारखान्याच्या सुमारे १२० वर्षांच्या काळात मृतांची संख्या दोनशेच्या वर गेली. मृत कामगारांच्या विधवांना निवृत्तिवेतन व निवारा देण्याची प्रथा पडली. सामाजिक सुरक्षेचे कायदे येण्यापूर्वीची ही व्यवस्था मालकाच्या इच्छेवर अवलंबून होती, कामगाराच्या हक्कावर नव्हे.

बिहारचा सोरा

दारूच्या प्रचलित मिश्रणात वजनाने ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा व १० टक्के गंधक असे. म्हणजे या मालाचा पाऊण हिस्सा सोऱ्याचा होता. तिरहुत, सारण व चंपारण भागांत नोनिया समाजाचे लोक कोरड्या ऋतूत जमिनीवर फुललेली खारट माती खरवडून, ती पाण्यात विरघळवून व उकळून सोरा काढीत. प्लासीच्या लढाईनंतर, १७५८ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीने या व्यापाराची मक्तेदारी मिळविली. ठोक खरेदीदार एकच उरल्याने उत्पादकाला भावासाठी घासाघीस करण्यास वाव राहिला नाही. बंगालमध्ये इचापूर येथे कंपनीने १७९१ पासून दारूचे उत्पादन सुरू केले, परंतु ते सैन्याच्या गरजेशी बांधलेले होते. त्यातून स्थानिक रसायन उद्योगाची साखळी उभी राहिली नाही.

पर्यायाचा शोध

१८५७ मध्ये लामो द्यू पाँ यांनी पेरूमधील स्वस्त सोडियम नायट्रेटपासून सुरुंगाची दारू बनविण्याचे एकस्व घेतले. लष्करी दारूसाठी मात्र भारतीय सोऱ्याची निकड कायम होती. त्यामुळेच १८६१ मध्ये, यादवी युद्धाच्या काळात, त्यांना सोरा खरेदीसाठी इंग्लंडला जावे लागले. पुढे जर्मन पोटॅश व दक्षिण अमेरिकी नायट्रेट यांपासून सोरा तयार होऊ लागला, धूरविरहित दारूही आली आणि बिहारच्या सोऱ्याची जागतिक मागणी ओसरली. खुद्द ब्रँडीवाइनच्या गिरण्याही १९२१ मध्ये बंद पडल्या. तथापि कंपनीने संचित भांडवल व रसायनशास्त्रीय ज्ञान यांच्या बळावर रंग, धागे व अन्य रसायनांकडे मोर्चा वळविला. नोनिया उत्पादकांकडे असा पर्याय नव्हता. त्यांतील अनेकांना शेतमजुरी व मातीकामाकडे वळावे लागले.

निष्कर्ष

कच्च्या मालाची विपुलता विकासाची हमी देत नाही. प्रक्रिया, संशोधन व बाजारपेठेवरील नियंत्रण जेथे असते, तेथे मूल्यवृद्धी होते आणि तंत्रज्ञान बदलल्यास नवा व्यवसाय उभारण्याची क्षमताही तेथेच टिकते. १९५७ पासून हॅग्लीच्या गिरण्या लोकांना पाहण्यास खुल्या आहेत. सोऱ्याच्या व्यापाराची ही कथा पूर्णपणे समजून घ्यावयाची असेल, तर नोनियांच्या मातीच्या कुंड्या व उकळण्याच्या कढया यांनाही औद्योगिक वारशाचा दर्जा देऊन त्यांचे जतन करणे अगत्याचे आहे.