गावचे काम आणि गावचे पुढारपण

दसरा झाला की बीड जिल्ह्यातील अनेक गावांत एक देखावा दरवर्षी दृष्टीस पडतो. घरास कुलूप लागते. धान्य, भांडी व लहान मुले यांसह कुटुंब ट्रकमध्ये चढते आणि पती-पत्नीची जोडी, म्हणजे एक ‘कोयता’, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी परमुलखी ऊसतोडीस जाते. मागे म्हातारी माणसे राहतात. मुलांची शाळा अर्ध्यावर सुटते. हे कुटुंब आळशी नव्हे. त्याच्या शिवारात खरिपानंतर पुरेसे काम उरत नाही, हेच त्याच्या जाण्याचे मुख्य कारण होय.

महाराष्ट्र उद्योगप्रधान राज्य म्हणून ओळखला जातो तो प्रामुख्याने मुंबई, ठाणे व पुणे या पट्ट्यामुळे. कोरडवाहू तालुक्यांत मात्र शेतीबाहेरचे काम आजही तुटपुंजे आहे. ते निर्माण व्हावयाचे तर पैसा लागतो हे खरे. परंतु त्याहून आधी कोणीतरी पुढाकार घ्यावा लागतो. तो कसा घ्यावा याचे उत्तम उदाहरण प्रवराकाठी सापडते.

भंडारदरा धरणाच्या पाण्यावर तेथे ऊस होत होता, पण गुळाचा भाव कोसळला की शेतकरी कर्जात बुडे. लोणी येथील विठ्ठलराव विखे पाटील हे फारसे शालेय शिक्षण न लाभलेले शेतकरी. त्यांनी गावोगाव हिंडून शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा केले. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ कारखान्याचे अध्यक्ष झाले, तर सरकारी पातळीवर वैकुंठभाई मेहता यांचे साहाय्य लाभले. १९५०-५१ च्या हंगामात शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना सुरू झाला. येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. पुण्याच्या विद्वानास अध्यक्षस्थानी बसविण्यात विखे पाटलांना कमीपणा वाटला नाही. हिशेब जाणणाऱ्यास हिशेब सोपवावा, एवढे मोठे मन त्यांच्यापाशी होते. पुढे त्या परिसरात गाळपाबरोबर वाहतूक, यंत्रदुरुस्ती, शाळा व रुग्णालये यांतूनही कामे निघाली.

तथापि या उदाहरणाची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य नव्हे. कारखान्यांच्या पट्ट्यात ऊस तोडावयास येतो तो कोरडवाहू तालुक्यातील कोयताच. एका मुलखाची भरभराट दुसऱ्या मुलखाच्या बेकारीवर उभी राहते. शिवाय पाण्यावाचून ऊस नाही. म्हणून प्रत्येक तालुक्याने साखर कारखान्याचीच मागणी करणे शहाणपणाचे नाही.

कोरडवाहू भागासाठी दुसरा मार्ग वि. स. पागे यांनी सुचविला. मागेल त्यास काम द्यावे, हा त्यांचा विचार. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे मोठ्या प्रमाणावर निघाली. १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. शहरातील पगारदारांकडून व्यवसाय कर घेऊन खेड्यातील मजुरी भागविण्याची ती व्यवस्था होती. जेथे पाझर तलाव व नालाबांध जागा पाहून नीट बांधले गेले, तेथे विहिरींना पाणी राहिले आणि रब्बीचे काम वाढले. जेथे केवळ खडी फोडून ढीग लावले, तेथे मजुरी मिळाली आणि पुढच्या वर्षी पुन्हा खडीच.

ग्रामसेवक बंधूंनी प्रथम आपल्या गावच्या रिकाम्या हातांची मोजणी करावी. समजा, ६० कुटुंबांत प्रत्येकी दोन माणसे चार महिने कामाविना राहतात. महिन्यास २५ दिवस धरले तर १२,००० मनुष्यदिवस वाया जातात. हा आकडा महिन्यावार मांडावा. कोणत्या महिन्यात किती हात मोकळे असतात हे ठाऊक नसता योजना मागणे म्हणजे माप न घेता अंगरखा शिवणे.

त्यानंतर गावाबाहेर काय कच्चे जाते व काय पक्के होऊन परत येते, ते पाहावे. मराठवाडा-विदर्भातील कित्येक गावे तूर विकतात आणि डाळ विकत आणतात. भरडण्याची मजुरी बाहेर जाते, शिवाय जनावरांस उपयोगी पडणारी चुणीही जाते. गावात लहान डाळ गिरणी काढावयाची तर तूर किती, वीज किती वेळ, गिरणी वर्षातील किती दिवस चालेल आणि हिशेब कोण ठेवील, हे चार प्रश्न आधी सोडवावेत. चौथा प्रश्न बहुधा शेवटी विचारला जातो. पुष्कळ संस्था तेथेच बुडतात. संस्थेचा जमाखर्च चावडीवर दरमहा लावावा आणि तो वाचून दाखविण्याचे काम गावातील शिकलेल्या मुलीकडे अथवा सुनेकडे द्यावयास हरकत नाही.

रिकाम्या हातांची यादी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेपुढे ठेवावी. मुकादमाची उचल घरात येण्यापूर्वी गावच्या कामाचा निर्णय झाला पाहिजे. उचल घेतलेला मनुष्य इच्छा असूनही थांबू शकत नाही.