केंद्रकाचे गणित करताना शिकलेले

न्यूट्रिनो स्वतःच स्वतःचा प्रतिकण असू शकतो, हे एत्तोरे मायोराना यांनी १९३७ मध्ये मांडले. अणुकेंद्रकातून दोन इलेक्ट्रॉन निघाले आणि न्यूट्रिनो एकही निघाला नाही, तर ते सिद्ध होईल. असा दुहेरी बीटा क्षय खात्रीने दिसलेला नाही. दिसला, तर अर्धायुष्यावरून न्यूट्रिनोचे वस्तुमान काढायला केंद्रकाचे मॅट्रिक्स एलिमेंट, म्हणजे केंद्रकाच्या रचनेमुळे हा क्षय किती संभवतो हे सांगणारा आकडा, लागेल. ते आम्ही सिद्धान्तवाल्यांनी द्यायचे. त्या कामाने शिकवलेले हे.

१. आपला आकडा कोण वापरणार, हे आधी ओळखा. जपानमधल्या कामलँड-झेन प्रयोगाने झेनॉन-१३६ वर, इटलीत क्युओरे प्रयोगाने टेल्युरियम-१३० वर शोध घेतला. मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेने कथील-१२४ साठी शोधक घडवायला घेतला. मॅट्रिक्स एलिमेंट निम्मे ठरले, तर अपेक्षित अर्धायुष्य चौपट होते. पार्श्वभूमीच्या नोंदी फार असतील, तर तेच वस्तुमान गाठायला सोळापट माल किंवा सोळापट वेळ लागतो.

२. पद्धतींतली तफावत सरासरीखाली झाकू नका. मॅट्रिक्स एलिमेंट काढायची शेल मॉडेल ही पद्धत मोजक्याच कक्षा घेते, पण त्यांतले कणांचे परस्परसंबंध बारकाईने धरते. क्यूआरपीए ही दुसरी पद्धत पुष्कळ कक्षा घेते, संबंध मात्र मर्यादित. एकाच केंद्रकासाठी उत्तरांत दुप्पट-तिप्पट फरक पडतो. तो कुठून आला, हे शोधण्यातच खरे भौतिकशास्त्र आहे.

३. मोजलेल्या क्षयावर गणित पारखा, पण तिथे थांबू नका. दोन न्यूट्रिनो बाहेर टाकणारा क्षय प्रयोगांत मोजलेला आहे. न्यूट्रिनोविरहित क्षयात मात्र केंद्रकातल्या न्यूट्रिनोचा संवेग शंभरेक एमईव्हीचा असतो. तिथली परीक्षा निराळी.

४. जुळवाजुळवीला नियम मानू नका. बीटा क्षयाचे गणित मोजमापाशी जमावे म्हणून त्यातला १.२७ हा अक्षीय युग्मन स्थिरांक वर्षानुवर्षे घटवून वापरला गेला. परस्परसंबंध आणि दोन न्यूक्लिऑनांची एकत्रित क्रिया नीट धरली, की ही घट बहुतांशी उलगडते, हे २०१९ मध्ये दिसले.

५. सूत्र पूर्ण झाले असे धरून चालू नका. न्यूट्रिनोविरहित क्षयाच्या सूत्रात अगदी कमी अंतरावरच्या क्रियेचे एक पद पहिल्याच पातळीवर लागते, हे २०१८ मध्ये पुढे आले. तोवरच्या साऱ्या आकड्यांकडे पुन्हा पाहावे लागले.

६. एरर बारशिवाय आकडा हातावेगळा करू नका. त्यावर विसंबून कोणी टनभर समस्थानिक जमवणार असते. आपल्याला किती खात्री आहे, हे त्यांना सांगणे हा उत्तराचाच भाग आहे.