गळितापूर्वी ट्रॅक्टरची वायरिंग तपासा



हंगाम तोंडावर आला की आपण टायर पाहतो, ऑईल बदलतो. वायरिंगकडे मात्र दिवा गेल्यावरच लक्ष जाते. गेल्या हंगामात उसाने भरलेली एक ट्रॉली रात्री मागच्या दिव्याविना रस्त्यावर उभी दिसली. मागून आलेला मोटारसायकलवाला हातभर अंतरावर थांबला म्हणून निभावले. दोष निघाला एका तडकलेल्या कनेक्टरचा.

इंजिनाच्या उष्णतेने जुन्या कनेक्टरचे प्लॅस्टिक पापडासारखे ठिसूळ होते. खटका मोडला की जोड सैल पडतो, हादऱ्याने दिवा लुकलुकतो, सैल जागा तापते. ओल शिरली तर तांब्यावर हिरवा गंज चढतो.

दुरुस्ती अशी करावी :

१) प्रथम बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडावी.

२) वायर धरून कनेक्टर ओढू नये. गरम पाण्यात पिळलेले फडके त्यावर गुंडाळावे. प्लॅस्टिक नरमले की खटका दाबून सोडवावा आणि कोरडा पुसावा.

३) एका वेळी एकच वायर नव्या कनेक्टरमध्ये घ्यावी, म्हणजे अदलाबदल होत नाही.

४) काळी पडलेली तार उजळ तांबे लागेपर्यंत कापावी. नवी पिन पकडीने घट्ट दाबून हलके ओढून पाहावी.

५) वायरिंग सायलेन्सरपासून दूर बांधावी.

तारा पिळून चिकटपट्टी मारणे ही दुरुस्ती नव्हे. फ्यूजच्या जागी तार तर कधीच घालू नका.

ट्रॉली रिकामी आहे तोवरच हे उरका. भरल्या ट्रॉलीखाली, अंधारात ते साधत नाही.

— ऊस विकास अधिकारी