ठमीचा डावा डोळा

आमची मांजर ठमी पंधराव्या वर्षात होती तेव्हा तिचा डावा डोळा काढावा लागला. त्याआधी बरेच दिवस घरात एकच वाद चालला होता, डोळा काढायचा की थेंबांवर निभवायचं. गडचांदूर, कोरपना, राजुरा या भागात गाई-म्हशींना डॉक्टर मिळतो, पण मांजराच्या डोळ्याबद्दल विचारायला माणूस शोधावा लागतो. म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवात डोळ्यातून पाणी येण्यापासून झाली. आमच्या गावात कुणाच्याही डोळ्याला पाणी आलं की पहिला संशय सिमेंटच्या धुळीवर. पण धूळ दोन्ही डोळ्यांत जाते. एकाच डोळ्यातून पाणी येत असेल, मांजर तोच डोळा बारीक करत असेल, उजेडाकडे पाठ करून बसत असेल, तर डोळ्यात जखम आहे असं धरूनच चाला.

औषधाच्या दुकानातून ‘डोळे आले असतील’ म्हणून माणसांचे थेंब मिळाले. त्यात डेक्सामेथासोन होतं, म्हणजे स्टिरॉइड. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला जखम असताना स्टिरॉइड गेलं की जखम भरायची थांबते आणि खोल जाते. ठमीची तशीच गेली. पुढे डॉक्टरांनी केशरी कागदाची एक पट्टी ओली करून तिच्या डोळ्याला लावली आणि निळा उजेड टाकला, तेव्हा मसुराएवढा हिरवागार डाग चमकला. ही फ्लोरेसिनची तपासणी. काही मिनिटांत होते. ती झाल्याशिवाय कुणी थेंब लिहून देत असेल तर ‘आधी पट्टी लावून बघा’ असं स्पष्ट म्हणा. आणि दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. मांजराला ते विष आहे, एका गोळीनेही जीव जातो.

जखम आरपार गेली, नजर गेली, तरी डोळा जागेवर होता. शेजारच्या काकू कळवळून म्हणाल्या, “म्हातारी झाली वो ते आता, कशाले चिरफाड करता तिची?” आईचंही तेच मत. त्यांची माया मला कळत होती, पण मी ठमीकडे बघत होते. ती डाव्या बाजूचा चेहरा चाटून पुसेनाशी झाली होती. कोरडं खाणं तोंडात घेऊन सोडून द्यायची, दिवसभर पलंगाखाली अंग आखडून बसायची. मांजर दुखण्याने ओरडत नाही, लपतं. नजर तर गेलेलीच होती, उरलं होतं ते फक्त दुखणं, आणि ते थेंबांनी थांबत नव्हतं. एवढं डोक्यात पक्कं झालं तेव्हा निर्णय झाला.

भुलीची भीती खरी आहे. पण भूल देताना वयापेक्षा मूत्रपिंडं आणि हृदय जास्त नडतात. म्हणून आधी रक्त तपासून घ्या, क्रिएटिनिन बघा, थायरॉइड बघा आणि रक्तदाब मोजायला सांगा. मांजराचाही रक्तदाब मोजता येतो. मूत्रपिंडं फारच थकलेली असतील तर ऑपरेशन न करता वेदनाशामकांवर ठेवणं हाही योग्य निर्णय असू शकतो. तो डॉक्टरांशी बोलून घ्या, शेजाऱ्यांशी नव्हे.

प्रत्येक म्हाताऱ्या डोळ्याला ऑपरेशन लागतं असंही नाही. वयाबरोबर भिंगाला निळसर झाक येते, मांजराला तरीही दिसतं, त्यावर काहीच करायचं नसतं. याउलट बाहुल्या एकाएकी मोठ्या झाल्या, उजेडातही लहान होईनात, मांजर भिंतीला धडकू लागलं, तर एक दिवसही थांबू नका. वाढलेल्या रक्तदाबाने डोळ्यातला पडदा सुटलेला असू शकतो. लगेच उपचार झाले तर कधीकधी नजर थोडीफार परत येते. अशा वेळी बहुधा अ‍ॅम्लोडिपिन देतात, माणसांचीच गोळी, पण मांजराचं प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचं.

मोठ्या तपासण्यांसाठी आपल्याकडून नागपूर गाठावं लागतं. सेमिनरी हिल्सवर १९५८ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, जनावरांचा दवाखाना तिथेच. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा पहाटेच निघा आणि पिंजऱ्यावर ओलसर सुती कापड टाका, हवा मात्र खेळती राहू द्या. पावसाळ्यात वर्धा नदीला पूर आला की राजुरा-बल्लारपूर रस्ता बंद पडतो, म्हणून डोळ्याचं काम ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणून ठेवू नका.

ऑपरेशननंतर टाके निघेपर्यंत गळ्यातली कॉलर काढायची नाही, कितीही दया आली तरी. खाण्याचं ताट, पाणी आणि मातीचा ट्रे जागचे हलवू नका. गेलेल्या डोळ्याच्या बाजूने हात लावण्याआधी नाव घेऊन हाक मारा, नाहीतर मांजर दचकतं. आणि दर काही महिन्यांनी रक्तदाब मोजून घ्या, कारण आता उरलेला एकच डोळा सांभाळायचा आहे.