हिशेब ज्याच्या हाती: कॉलेजातील संगणक शिक्षणाचा एक पाठ



वसतिगृहातील मुलगा किंवा मुलगी बारावी होऊन कॉलेजात गेली आणि तिने “कॉम्प्युटर घेतला” असे कळले की आपल्याला आनंद होतो. पण ती तेथे नेमके काय शिकते, आणि ते शिकून पाड्यावरच्या तिच्या माणसांचे काय भले होणार, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. या अंकातील पाठ त्यासाठी आहे.

१. प्रश्न हिशेबाचा आहे

आदिवासी पाड्यावर कष्टाला कधीच तोटा नव्हता. तोटा होता हिशेबाचा. माल माणसाने आणला, वजन दुसऱ्याने केले, वही तिसऱ्याने लिहिली आणि अंगठा मात्र माल आणणाऱ्याचा. पिढ्यान्‌पिढ्या हे चालले.

वनहक्क कायदा २००६ साली झाला आणि गौण वनोपजावर गावाचा हक्क मान्य झाला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. हक्क आला म्हणजे विक्री आली, मजुरीचे वाटप आले, बँकेचे खाते आले, कराचे कागद आले. हे सगळे लिहिणारा माणूस गावातला नसेल, तर वही पुन्हा तिसऱ्याच्याच हाती जाते. संगणक शिक्षणाकडे आपण या बाजूने पाहावे.

२. आधी वही, मग यंत्र

वाणिज्य शाखेत पहिल्या वर्षी शिकवतात ती जमाखर्चाची दुहेरी नोंद पद्धत. प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात: एका खात्यात नावे, दुसऱ्या खात्यात जमा. व्हेनिसचे व्यापारी ही पद्धत वापरीत. लुका पाचोली नावाच्या फ्रान्सिस्कन संन्याशाने १४९४ साली आपल्या गणिताच्या ग्रंथात ती छापून प्रसिद्ध केली. आज विद्यार्थी ‘टॅली’वर जी नोंद करतो तिच्या मुळाशी हाच नियम आहे. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाल्यावर लहान दुकानदारालाही अशा नोंदींची गरज पडू लागली. त्यामुळे हे काम नीट येणाऱ्याला तालुक्याच्या गावातही काम मिळू शकते.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. नावे आणि जमा यांतला फरक ज्याला कळला नाही, त्याला टॅलीची बटणे शिकवून उपयोग नाही. चुकीची नोंद यंत्र तितक्याच सफाईने छापून देते.

यानंतर येतो एक्सेलसारखा तक्ता. इथे पहिला धडा असतो नावांचा. नंदुरबारच्या एका पाड्यात निम्मी घरे वळवी किंवा पाडवी असू शकतात. सारख्या नावाच्या दोन बाया एकाच गल्लीत राहतात. एकदा ‘सुमनबाई वळवी’ आणि एकदा ‘सुमन वळवी’ असे लिहिले की तक्त्यात एकाच बाईची दोन खाती होतात. आणि दोन वेगळ्या बायांचे नाव एकच असले तर दोघींचे पैसे एकत्र होतात. म्हणून प्रत्येक कुटुंबाला एक कायमचा क्रमांक द्यायचा. साधी गोष्ट, पण तिच्यावर एखाद्या घराची मजुरी अवलंबून असते.

३. प्रोग्राम म्हणजे काय?

प्रोग्राम म्हणजे यंत्राला क्रमाने दिलेल्या सूचना. समजा, गावाने मोहफुले एकत्र विकायची ठरवली. दर ३० रुपये किलो. फुले ओली असतील तर वजनात १० टक्के घट धरायची. आधी घेतलेली उचल वजा करायची. सूचना अशा होतील:

कुटुंबाचा क्रमांक घे. किलो घे. ओली असतील तर दहावा भाग वजा कर. उरलेले किलो दराने गुण. उचल वजा कर. पावती छाप. पुढचे कुटुंब घे.

एका घराची ओली फुले ४८ किलो. घट ४.८ किलो, उरले ४३.२ किलो, रक्कम १२९६ रुपये. उचल ५०० रुपये, म्हणून हाती ७९६ रुपये. बरोबर.

आता दुसरे घर पाहा. सुकी फुले १२ किलो, रक्कम ३६० रुपये, उचल मात्र ५००. यंत्र उत्तर देते उणे १४०. पैसे वाटणाऱ्याने घाईत उणे चिन्ह पाहिले नाही, तर तो १४० रुपये हातावर ठेवील आणि संध्याकाळी पेटीत तितके कमी भरतील. म्हणून आणखी एक अट घालावी लागते: रक्कम उचलीपेक्षा कमी असेल, तर ‘देणे शून्य’ छाप आणि बाकी पुढे ओढ.

पण बाकी पुढे ओढायची, की या वर्षी त्या घरात आजारपण झाले म्हणून सोडून द्यायची? हे यंत्र सांगणार नाही. ते ग्रामसभेने बसून ठरवायचे, आणि ठरले ते प्रोग्राम लिहिणाऱ्याने ओळीत उतरवायचे. म्हणूनच तो लिहिणारा पाड्यावरची रीत जाणणारा असला तर फार बरे. कॉलेजात ‘अट’, ‘पुनरावृत्ती’, ‘चूक शोधणे’ या नावाने जे शिकवतात ते एवढेच आहे. पुढे सी, पायथन किंवा जावा या भाषांत तेच लिहायचे असते.

४. वाटेतली चढण

पहिली चढण भाषेची. व्यापारी कामासाठी संगणक वापरायला आरंभ झाला तो इंग्लंडात. लायन्स या चहा-बेकरीच्या कंपनीने १९५१ साली ‘लिओ’ नावाचा संगणक आपल्या हिशेबाला लावला. पुढे ग्रेस हॉपर यांनी धरलेल्या आग्रहामुळे व्यापारी प्रोग्राम साध्या इंग्रजी शब्दांत लिहिण्याची वाट पडली आणि १९५९ साली ‘कोबॉल’ या भाषेची आखणी सुरू झाली. इंग्रजी बोलणाऱ्याला ती सोय झाली. पण घरी गोंडी किंवा पावरी, शाळेत मराठी आणि कॉलेजात इंग्रजी अशी तिसरी भाषा चढणाऱ्या मुलाला तेच शब्द भिंतीसारखे वाटतात. त्याला हे सांगावे की सी भाषेच्या मूळ प्रमाण रूपात राखीव शब्द फक्त ३२ आहेत. पाढ्यांपेक्षा ते पाठांतर सोपे आहे. अवघड आहे तो विचारांचा क्रम, आणि तो मातृभाषेत करता येतो. आधी कागदावर आपल्या भाषेत पायऱ्या लिहाव्यात, मग यंत्रापुढे बसावे.

दुसरी चढण सरावाची. आठवड्यातून दोन तास प्रयोगशाळेत बसून हात बसत नाही. मोबाइल आहे म्हणजे संगणक आहे, असा आपला समज असतो. मोबाइलवर वाचता येते, थोडे लिहूनही पाहता येते. पण मोठा तक्ता भरायला आणि शंभर ओळींतली चूक शोधायला कळफलक आणि मोठा पडदा लागतो.

तिसरी चढण कागदांची. महाराष्ट्रात २०२४ पासून बीसीए, बीबीएच्या प्रवेशासाठी सामायिक परीक्षा आली आहे. तिची नोंदणी राहून गेली तर वर्ष हातचे जाऊ शकते. राखीव जागेवरच्या प्रवेशासाठी जात वैधता प्रमाणपत्राची तयारी अकरावीतच सुरू करावी. आणि एमएस-सीआयटी झाली म्हणजे प्रोग्रामिंग आले असे नव्हे. ती संगणकाची ओळख आहे, धंद्याचे शिक्षण नव्हे.

५. आपण काय करावे?

वापरात नसलेला पण चालू लॅपटॉप द्यावा. बंद पडलेला देऊ नये, कारण दुरुस्तीचा खर्च पुन्हा वसतिगृहावरच पडतो. आपल्या मंडळीत बँकेतून किंवा हिशेब खात्यातून निवृत्त झालेले कोणी असतील, तर त्यांनी महिन्यातून दोन शनिवार जमाखर्च शिकवावा. त्याला संगणक लागत नाही, एक वही पुरते. आणि सुटीत गावी जाणाऱ्या विद्यार्थ्याला एक काम द्यावे: आपल्या आईच्या बचत गटाचे पासबुक आणि वही एकमेकांशी ताडून पाहा. दोन्हींचा मेळ बसला तर गटाला धीर येईल. नाही बसला, तर चूक कुठे आहे हे आईला आपल्या बोलीत समजावून सांगता आले पाहिजे. ज्या दिवशी त्याला ते जमेल, त्या दिवशी तो खरा पास झाला.

विचारासाठी प्रश्न

१. उणे १४० रुपयांच्या घराबाबत तुम्ही ग्रामसभेत असता तर काय ठरवले असते? तो निर्णय एका ओळीच्या सूचनेत लिहून पाहा.

२. तुमच्या महिला मंडळाची वही लिहिणारी व्यक्ती उद्या गावी गेली, तर ती वही दुसऱ्या कोणाला वाचता येईल का?

३. तुमच्या ओळखीत अकरावीत शिकणारा एखादा आदिवासी विद्यार्थी आहे का? त्याचे कागद तयार आहेत का, हे या महिन्यात त्याला विचारा.