अलिबागला घर, मुंबईत नोकरी

रायगड जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेले अलिबाग मुंबई बंदराच्या तोंडापलीकडे, दक्षिणेच्या किनाऱ्यावर आहे. गेटवेहून मांडव्यापर्यंत बोटीने साधारण तासाभराचा प्रवास आणि तेथून चोंढी, झिराडमार्गे अलिबाग वीसेक किलोमीटर. रस्त्याने जायचे तर धरमतरच्या खाडीला वळसा घालून पेण, वडखळ, पोयनाड असे शंभर किलोमीटरच्या आसपास अंतर पडते. मांडवा, सासवणे, आवास, किहीम, झिराड या गावांत नारळ-सुपारीच्या वाड्या होत्या. तेथे आधी मुंबईच्या सधन कुटुंबांची शनिवार-रविवारची घरे उभी राहिली. मार्च 2020 मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोट सुरू झाली, मोटार घेऊन समुद्र ओलांडता येऊ लागला. त्याच सुमारास घरून काम करण्याची पद्धत रुजली आणि काही कुटुंबे येथे कायमची राहायला आली.

या गावांत राहून मुंबईत नोकरी करता येते का, हा प्रश्न विचारणारा माणूस बहुधा डिसेंबर-जानेवारीत घर पाहायला आलेला असतो. त्या दिवसांत समुद्र शांत असतो आणि बोटी एकामागून एक सुटतात. तिकिटातच मांडव्याहून अलिबागपर्यंतची बस धरलेली असते. उत्तर मात्र जुलैत शोधावे लागते. गेटवे-मांडवा प्रवासी बोटी मेअखेरीच्या सुमारास बंद होतात आणि साधारणपणे ऑगस्ट संपेपर्यंत बंदच राहतात. रो-रो मोठी असल्याने पावसाळ्यातही चालते. पण तिच्या फेऱ्या कमी होतात आणि समुद्र खवळला की त्याही रद्द होतात. रेवसहून भाऊच्या धक्क्याला जाणारी जुनी लाँच हा गावकऱ्यांचा नेहमीचा आधार आहे. मात्र खाडीच्या गाळामुळे तिला भरती-ओहोटीकडे पाहावे लागते, आणि ऑफिसची वेळ भरती-ओहोटीप्रमाणे बदलत नाही.

पावसाळ्यातल्या समुद्राचे नियम कडक आहेत आणि तसेच असायला हवेत. 17 जुलै 1947 रोजी, आषाढ अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली रामदास बोट वादळी समुद्रात बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. त्यांतली कितीतरी सणाला गावी निघालेली होती. अलिबाग तालुक्यातल्या जुन्या घरांत ही आठवण अजून जिवंत आहे. बोट रद्द झाल्याबद्दल धक्क्यावरच्या खलाशाशी हुज्जत घालणाऱ्या नव्या रहिवाशाने ती जाणून घ्यावी.

म्हणून रोजच्या प्रवासाचा हिशेब रस्त्याचा धरावा आणि बोट ही सोय समजावी. 12 जानेवारी 2024 रोजी शिवडी-न्हावाशेवा अटल सेतूचे उद्घाटन झाले. 21.8 किलोमीटरच्या या पुलामुळे मुंबईतून बाहेर पडणे सोपे झाले. त्यापुढचे पेण ते वडखळ आणि वडखळ ते अलिबाग हे टप्पे तेवढे सोपे झालेले नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी आणि रविवारी रात्री तेथे पर्यटकांच्या मोटारींची रांग लागते, पावसात खड्डे पडतात. शिवाय अलिबागला प्रवासी रेल्वे नाही. जवळचे स्थानक पेण. रेवस-करंजा पुलाची कल्पना बॅ. अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून ऐकू येते, आणि आता तो प्रत्यक्ष उभा करण्याचे प्रयत्न चालू आहेत. तो झाला तर येथील जगणे खरोखर बदलेल. पण ज्या पुलावरून अजून गाडी गेलेली नाही, त्याच्या भरवशावर मुलांची शाळा आणि स्वतःची नोकरी बांधू नये. विकासकाच्या जाहिरातीतल्या नकाशावर असे पूल फार लवकर पूर्ण होतात. आठवड्यातून दोन-तीन दिवसच मुंबईला जावे लागणाऱ्याला येथे सुखाने राहता येते. रोज सकाळी ठरल्या वेळी हजेरी लावावी लागणाऱ्याची ओढाताण होते. कोणत्याही निर्णयाआधी घर भाड्याने घेऊन जून ते सप्टेंबर तेथे काढणे हीच खरी परीक्षा.

जमिनीचा व्यवहार हा दुसरा आणि अधिक खोल विषय. येथील बरीचशी जमीन कागदोपत्री शेतजमीन आहे. महाराष्ट्रात 1948 च्या कूळ कायद्याच्या कलम 63 प्रमाणे शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. त्यामुळे भूखंड अकृषिक झालेला आहे की ‘लवकरच होणार’ आहे, यातला फरक हाच व्यवहाराचा गाभा असतो. सातबाऱ्यावर मालकाचे नाव पाहून थांबू नये. ‘इतर हक्क’ हा रकाना शब्दशः वाचावा. कुळाचे नाव, बँकेचा बोजा, वारसांचे अपुरे राहिलेले फेरफार, विक्रीवरच्या शर्ती, हे सारे तेथे दिसते. अलिबागमध्ये हा रकाना विशेष बोलका आहे, कारण कुळांच्या हक्काची एक मोठी लढाई याच तालुक्यात लढली गेली. चरी गावातून नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली 1933 मध्ये सुरू झालेला शेतकऱ्यांचा संप 1939 पर्यंत चालला. खोतांच्या जमिनी पडीक ठेवून कुळांनी मोलमजुरी करत वर्षे काढली. कुळांना संरक्षण देणाऱ्या पुढच्या कायद्यांमागे त्या उपासमारीचे बळ आहे. कुळाच्या नोंदीला ‘किरकोळ अडचण’ म्हणणाऱ्या दलालापासून दूर राहावे. ती नोंद म्हणजे एखाद्या कुटुंबाने मिळवलेला हक्क असतो, आणि न्यायालयातही तो तसाच धरला जातो.

किनाऱ्यालगतच्या जागेला सीआरझेडचे (किनारी नियमन क्षेत्राचे) निर्बंध लागतात. मोठ्या भरतीच्या रेषेपासून आत 500 मीटरपर्यंत हा पट्टा धरला जातो. ग्रामीण किनाऱ्यावर त्यातल्या पहिल्या भागात नवे बांधकाम करता येत नाही. 2019 च्या अधिसूचनेप्रमाणे हे अंतर दाट वस्तीच्या गावांना 50 मीटर आणि विरळ वस्तीच्या गावांना 200 मीटर आहे. शेजाऱ्याचा बंगला पाण्याला लागून उभा आहे, हा पुरावा ठरत नाही. भूखंड मंजूर नकाशावर कोठे बसतो ते स्वतः पाहावे आणि खाडीकाठची जागा असेल तर उधाणाच्या दिवशी तेथे जाऊन उभे राहावे. बांध फुटला की खारे पाणी भातशेतात किती आत येते, हे खारभूमीतला शेतकरी बोट दाखवून सांगतो.

विहिरीचे पाणी मे महिन्यात चाखून पाहावे. समुद्राजवळ जमिनीखालचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. उपसा वाढला की खारे पाणी वर चढते, आणि एकदा खारट झालेली विहीर पुन्हा गोडी व्हायला पाऊसकाळच्या पाऊसकाळ जातात. एका बंगल्याचा पोहण्याचा तलाव आणि हिरवळ यांसाठी उपसलेले पाणी शेजारच्या वाडीच्या आणि पांढऱ्या कांद्याच्या वाट्याचे असते. पाणी साठवायची टाकी आणि पावसाचे पाणी जमिनीत मुरवायची सोय घराच्या आराखड्यातच धरावी.

खारा वारा लोखंड खातो. ग्रिल, बिजागऱ्या, वातानुकूलन यंत्राचा बाहेरचा भाग, गाडीचा तळ, सगळ्यांचे आयुष्य मुंबईच्या आतल्या भागापेक्षा कमी धरावे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आले तेव्हा छपरे उडाली, पिढ्यांनी जोपासलेल्या वाड्या आडव्या झाल्या आणि अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. घरातल्या वृद्ध माणसाला नियमित उपचार लागत असतील तर वीज आणि रस्ता दोन्ही बंद असताना काय करायचे, हे आधी ठरवावे. अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे, पण मोठ्या शस्त्रक्रियेसाठी अजूनही पनवेल किंवा मुंबई गाठावी लागते.

गावाशी नाते हा यातला सर्वांत कमी बोलला जाणारा भाग. जमिनीचे भाव वाढल्यावर आगरी, कोळी, माळी कुटुंबांतल्या पुढच्या पिढीला स्वतःच्या गावात घर बांधणे कठीण झाले आहे. जमीन एकदाच विकली जाते आणि मिळालेला पैसा लवकर संपतो. विकत घेतलेल्या वाडीतून समुद्राकडे जाणारी पायवाट पुष्कळदा कागदावर नसते, पण होड्या ओढणारे, मासळी सुकवणारे आणि गुरे नेणारे ती पिढ्यान्‌पिढ्या वापरत आलेले असतात. कुंपणाची भिंत घालण्यापूर्वी अशी वहिवाट कोणाची, हे ग्रामपंचायतीत आणि शेजारच्या घरांत विचारून घ्यावे, आणि भिंत तेवढी आत घेऊन वाट खुली ठेवावी.