श्वास घेणारा सेल

खडवलीला आमच्या घरी आजीच्या श्रवणयंत्राचा सेल बदलणे हे माझे काम. वरची पट्टी सोलली, की बारीक छिद्रांतून हवा आत शिरते व सेल जागा होतो. संपला की टाकून द्यायचा. म्हणून आजी काटकसरीने यंत्र बंदच ठेवते. “हा पुन्हा चार्ज का होत नाही?” या तिच्या प्रश्नाने मला, कलाशाखेच्या विद्यार्थिनीला, विज्ञानाच्या पुस्तकांकडे नेले.

या सेलमध्ये जस्ताचे ऑक्सिडीकरण होते. त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन यंत्रातून फिरून कार्बनच्या पडद्यापाशी येतात. तेथे हवेतील प्राणवायू ते घेतो. ही क्रिया फार मंद, म्हणून उत्प्रेरक लागतो. प्लॅटिनम उत्तम, पण महाग. २००९ मध्ये अमेरिकेत लिमिंग दाई व सहकाऱ्यांनी दाखवले, की कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांत नायट्रोजनचे अणू मिसळल्यास प्लॅटिनमवाचूनही भागते. नायट्रोजन शेजारच्या कार्बनकडील इलेक्ट्रॉन ओढतो आणि तेथे प्राणवायू सहज चिकटतो.

खरी अडचण चार्ज करताना येते. तेव्हा क्रिया उलटी फिरवून प्राणवायू बाहेर काढावा लागतो. सेल देतो सुमारे १.२ व्होल्ट, चार्जिंगला लागतात जवळजवळ २. त्या अवस्थेत खुद्द कार्बनच झिजू लागतो. म्हणून ग्राफाइटसारखा टिकाऊ कार्बन घेऊन त्याला लोह, कोबाल्ट यांची जोड देतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही असे संशोधन झाले आहे.

आजीला मी एवढेच सांगितले, “पट्टी काढलेला सेल यंत्र बंद ठेवले तरी हळूहळू संपतोच. तेव्हा यंत्र चालू ठेव, आणि आमच्याशी बोल.”